२१ जून वर्षातला सर्वात मोठा दिवस, पण मुंबई-पुण्यात तेव्हा सूर्य बरोबर डोक्यावर का नसतो?

दरवर्षी २१ जूनला सकाळपासूनच व्हॉट्सॲपचे स्टेटस आणि इन्स्टाग्रामच्या स्टोरी भरून जातात. योग दिनाचे फोटो असतात, 'आज वर्षातला सर्वात मोठा दिवस' असं लिहिलेली ग्राफिक्स असतात आणि त्यांच्या जोडीला काही ठाम विधानंही असतात. आज सूर्य पृथ्वीच्या सर्वात जवळ आला आहे. आज भर दुपारी आपली सावली गायब होणार. आज वर्षातलं सर्वात कडक ऊन.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर या तिन्हींपैकी एकही गोष्ट खरी नाही. दिवस सर्वात मोठा असतो, तेवढं मात्र खरं.

मग सूर्य जवळ नसतानाही दिवस मोठा कसा होतो? सर्वात मोठ्या दिवशी सूर्य बरोबर डोक्यावर का येत नाही? आणि आपला उन्हाळा जूनऐवजी एप्रिल-मे महिन्यांत का असतो? या प्रश्नांची उत्तरं एकाच गोष्टीपाशी येऊन थांबतात. ती म्हणजे पृथ्वीचं कललेलं असणं.

पृथ्वी कललेली आहे म्हणजे नेमकं काय?

पृथ्वी स्वतःभोवती ज्या काल्पनिक रेषेभोवती फिरते, तिला अक्ष म्हणतात. हा अक्ष सरळ उभा नाही. पृथ्वी सूर्याभोवती ज्या पातळीत फिरते, त्या पातळीशी काटकोन करणाऱ्या रेषेपासून तो सुमारे २३.५ अंशांनी कललेला आहे. हे वाक्य आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलेलं असतं. पण त्यातली महत्त्वाची गोष्ट बहुतेक वेळा निसटते. पृथ्वी वर्षभर सूर्याभोवती फिरत असताना हा कल बदलत नाही आणि त्याची दिशाही बदलत नाही. अक्षाचं उत्तरेकडचं टोक जूनमध्येही ध्रुवताऱ्याच्या दिशेला असतं आणि डिसेंबरमध्येही.

हे घरच्या घरी करून बघता येतं. खोलीच्या मधोमध एक दिवा ठेवा. एका मोसंब्यात काडी आरपार खुपसा आणि ती थोडी तिरकी धरा. आता दिव्याभोवती चक्कर मारा. अट एकच, काडीचं वरचं टोक पूर्ण वेळ एकाच भिंतीकडे झुकलेलं राहिलं पाहिजे. चक्कर मारताना एका बाजूला मोसंब्याचा वरचा भाग दिव्याकडे झुकलेला दिसेल. बरोबर समोरच्या बाजूला गेल्यावर तोच भाग दिव्यापासून दूर झुकलेला असेल. काडी तुम्ही हलवलेली नसते, फक्त तुमची जागा बदललेली असते.

२१ जूनच्या सुमारास पृथ्वी अशा जागी असते, की तिचा उत्तर ध्रुव सूर्याकडे जास्तीत जास्त झुकलेला असतो. त्या क्षणाला उन्हाळी अयनबिंदू म्हणतात आणि त्या दिवसाला अयनदिन. उत्तर गोलार्धातल्या कोणत्याही गावाचा विचार करा. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करते तेव्हा ते गावही एक वर्तुळ फिरतं. उत्तर ध्रुव सूर्याकडे झुकलेला असल्यामुळे त्या वर्तुळाचा अर्ध्याहून जास्त भाग उजेडात आणि उरलेला अंधारात येतो. म्हणून दिवस मोठा आणि रात्र छोटी.

दक्षिण गोलार्धात त्याच दिवशी नेमकं उलट घडतं. मेलबर्नमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी २१ जून हा वर्षातला सर्वात छोटा दिवस असतो. तिथे तेव्हा जेमतेम साडेनऊ तास उजेड असतो आणि थंडीचे कपडे बाहेर आलेले असतात. म्हणूनच 'जगातला सर्वात मोठा दिवस' असं लिहिणाऱ्या पोस्ट अर्ध्याच बरोबर असतात.

सूर्य जवळ असतो, हा समज कुठून आला?

हा समज स्वाभाविक आहे. शेकोटीच्या जवळ गेलं की गरम वाटतं, लांब गेलं की गार. मग उन्हाळ्यात आपण सूर्याच्या जवळ असणार, असं वाटणारच. शिवाय पाठ्यपुस्तकांतल्या आकृत्यांमध्ये पृथ्वीची कक्षा चांगली लांबट अंड्यासारखी काढलेली असते. त्यामुळे हा समज आणखी पक्का होतो.

प्रत्यक्षात ती कक्षा जवळपास वर्तुळाकार आहे. पृथ्वी सूर्याच्या सर्वात जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, म्हणजे आपल्याकडे थंडी असताना. तेव्हा हे अंतर सुमारे १४.७ कोटी किलोमीटर असतं. या स्थितीला उपसूर्य म्हणतात. पृथ्वी सर्वात दूर असते ती जुलैच्या पहिल्या आठवड्यात. तेव्हा अंतर सुमारे १५.२ कोटी किलोमीटर होतं. ही अपसूर्य स्थिती. म्हणजे वर्षातला सर्वात मोठा दिवस आणि पृथ्वी सूर्यापासून सर्वात लांब असण्याचा दिवस यांच्यात जेमतेम दोन आठवड्यांचं अंतर असतं.

इथेच तो प्रसिद्ध फॉरवर्ड येतो. 'अल्फेलियन' नावाची काहीतरी खगोलीय घटना उद्या पहाटेपासून सुरू होणार आहे, सूर्याचं अंतर नऊ कोटी किलोमीटरवरून पंधरा कोटींवर जाणार आहे, त्यामुळे ऑगस्टपर्यंत थंडी पडेल, अंगदुखी, ताप, खोकला, श्वास लागणं असा त्रास होईल, काळजी घ्या. गेली काही वर्षं हा मेसेज मराठीसह अनेक भाषांत फिरतो आहे. प्रत्येक वेळी तो नवा असल्यासारखा येतो.

त्यात खरा आहे तो फक्त एक आकडा, पंधरा कोटींचा. नऊ कोटी किलोमीटर हे अंतर पृथ्वीच्या वाट्याला कधीच येत नाही. सूर्यापासून आपलं सरासरी अंतरच सुमारे १५ कोटी किलोमीटर आहे. वर्षभरात त्यात होणारा एकूण फरक साधारण ५० लाख किलोमीटरचा, म्हणजे तीन टक्क्यांच्या थोडा वर. नऊ कोटी किलोमीटरवर पृथ्वी असती, तर ती शुक्राच्याही आत गेली असती आणि असा मेसेज पाठवायला कोणी उरलं नसतं.

अंतरातल्या या फरकाचा काहीच परिणाम होत नाही, असंही नाही. जानेवारीत पृथ्वीवर पोहोचणारी सौरऊर्जा जुलैपेक्षा सुमारे सात टक्के जास्त असते. पण कलामुळे होणारा फरक त्याहून कितीतरी मोठा असतो. हा फरक एका दिवसात होत नाही, तो सहा महिन्यांत हळूहळू होतो. त्यामुळे 'उद्या पहाटेपासून' काही सुरू होण्याचा प्रश्नच येत नाही. जुलै महिन्यात महाराष्ट्रात ताप आणि अंगदुखी असते, ती साचलेल्या पाण्यावरच्या डासांमुळे, दूषित पाण्यामुळे आणि विषाणूंमुळे. हा मेसेज वाचून तापाचं खापर आकाशावर फोडलं आणि डेंग्यूची तपासणी लांबवली, तर ते महागात पडू शकतं. बाकीचे चुकीचे समज निरुपद्रवी आहेत, हा मात्र नाही.

दिवस मोठा म्हणजे किती मोठा?

हे तुम्ही कुठे राहता यावर अवलंबून आहे. विषुववृत्तावर वर्षभर दिवस जवळजवळ सारखाच असतो. तिथून जसजसं उत्तरेला जावं, तसतसा जूनमधला दिवस ताणला जातो. कन्याकुमारीत २१ जूनचा दिवस साधारण १२ तास ३५ मिनिटांचा असतो. मुंबईत तो सव्वातेरा तासांच्या आसपास असतो. दिल्लीत जवळपास १४ तास आणि श्रीनगरमध्ये साधारण साडेचौदा तास. लंडनमध्ये हाच दिवस साडेसोळा तासांहून मोठा असतो, तर नॉर्वेच्या उत्तरेकडच्या ट्रॉम्सोसारख्या शहरात सूर्य मावळतच नाही.

मुंबईत डिसेंबरमधला सर्वात छोटा दिवस सुमारे ११ तासांचा असतो. म्हणजे आपल्याकडे वर्षातल्या सर्वात मोठ्या आणि सर्वात छोट्या दिवसांत फरक पडतो तो साधारण सव्वादोन तासांचा. लंडनमध्ये तो पावणेनऊ तासांच्या घरात जातो. युरोपात या दिवसाचे उत्सव का होतात आणि आपल्याकडे तो कॅलेंडरकडे बघितल्याशिवाय लक्षातही का येत नाही, हे या आकड्यांवरून समजतं.

आणखी एक गंमत आहे. '२२ जूनपासून दिवस लहान होऊ लागतो' हे बरोबर असलं, तरी ते कळणं अवघड आहे. २१ जूनच्या पाच दिवस आधी किंवा पाच दिवस नंतर मुंबईतला दिवस मोजला, तर तो सर्वात मोठ्या दिवसापेक्षा अर्ध्या मिनिटाहूनही कमीने लहान भरेल. या उलट मार्च महिन्यात तिथला दिवस रोज एकेका मिनिटाने वाढत असतो. झोका वर गेल्यावर उलट फिरण्याआधी क्षणभर थांबल्यासारखा वाटतो, तसंच काहीसं हे आहे. इंग्रजीतला 'सोल्स्टिस' हा शब्द ज्या लॅटिन शब्दापासून आला, त्याचा अर्थच 'सूर्याचं थांबणं' असा आहे.

सर्वात मोठा दिवस म्हणजे सूर्य सर्वात लवकर उगवणार आणि सर्वात उशिरा मावळणार, हाही असाच एक अंदाज. तोही चुकतो. मुंबईत सर्वात लवकरचा सूर्योदय जूनच्या सुरुवातीलाच होऊन गेलेला असतो आणि सर्वात उशिराचा सूर्यास्त होतो जुलैच्या पहिल्या आठवड्यात. याचं कारण असं, की घड्याळ प्रत्येक दिवस बरोबर २४ तासांचा धरतं, पण सूर्य एका दुपारपासून दुसऱ्या दुपारपर्यंत यायला कधी काही सेकंद जास्त घेतो, तर कधी कमी. जूनमध्ये तो रोज काही सेकंद जास्त घेतो. त्यामुळे घड्याळाच्या हिशेबात सूर्योदय, मध्यान्ह आणि सूर्यास्त हे तिन्ही थोडे थोडे पुढे सरकत जातात. उजेडाचे एकूण तास मात्र २१ तारखेलाच सर्वाधिक भरतात.

मग सावली गायब कधी होते?

२१ जूनला भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, हे खरं आहे. पण कोणाच्या डोक्यावर, हा प्रश्न आहे. तो येतो कर्कवृत्तावर असलेल्यांच्या. पृथ्वीचा कल जेवढ्या अंशांचा, तेवढ्याच अक्षांशावर कर्कवृत्त आहे. हा योगायोग नाही, सूर्य उत्तरेला जिथपर्यंत डोक्यावर येऊ शकतो, ती शेवटची रेषा म्हणजेच कर्कवृत्त.

भारतात ही रेषा गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश, छत्तीसगड, झारखंड, पश्चिम बंगाल, त्रिपुरा आणि मिझोराम या आठ राज्यांतून जाते. महाराष्ट्र या यादीत नाही. आपलं राज्य संपूर्णपणे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. गोवाही तसाच.

यामुळे आपल्याकडे एक वेगळीच गोष्ट घडते. मार्चपासून सूर्याची दुपारची जागा रोज थोडी थोडी उत्तरेला सरकत असते. २१ जूनला कर्कवृत्तापर्यंत पोहोचायच्या आधी त्याला महाराष्ट्र ओलांडून जावं लागतं आणि परतताना पुन्हा महाराष्ट्रावरूनच यावं लागतं. त्यामुळे आपल्या प्रत्येक गावावर तो वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. हेच ते शून्य सावलीचे दिवस. मुंबईत ते साधारण १५-१६ मे आणि २७-२८ जुलैच्या सुमारास येतात. नागपूर अधिक उत्तरेला असल्यामुळे तिथे पहिला दिवस २६ मेच्या आसपास येतो आणि दुसरा १७ जुलैच्या आसपास. जितकं दक्षिणेला जाल, तितके हे दोन दिवस एकमेकांपासून लांब जातात. कोल्हापूर आणि गोव्यात पहिला दिवस मेच्या सुरुवातीलाच येऊन जातो.

या दोन तारखांच्या मधल्या काळात काय होतं? तेव्हा दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. म्हणजे सावली दक्षिणेला पडते. वर्षभर दुपारी उत्तरेकडे पडणारी सावली या काळापुरती उलटी होते. २१ जूनला मुंबईत दुपारी सूर्य डोक्यावरच्या बिंदूपासून साडेचार अंशांच्या आसपास उत्तरेला असतो. जमिनीत उभी रोवलेली एक मीटर लांबीची काठी त्या वेळी दक्षिणेकडे साधारण साडेसात सेंटीमीटरची सावली टाकते. माणसाची सावली वीतभरही भरत नाही. नागपुरात तीच काठी साधारण चार सेंटीमीटरची सावली टाकते.

ही 'दुपार' म्हणजे घड्याळातले १२ नव्हेत. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर ठरलेली आहे आणि मुंबई तिच्या बरीच पश्चिमेला आहे. त्यामुळे जूनच्या अखेरीस मुंबईत सूर्य आपल्या सर्वोच्च जागी येतो तो १२ वाजून ४० मिनिटांच्या सुमारास. नागपुरात सव्वाबाराच्या सुमारास. १२ वाजता अंगणात उभं राहून 'सावली तर दिसतेय' म्हणणाऱ्यांची अर्धी फसगत इथेच होते.

सूर्याचं हे सरकणं समुद्रकिनारी राहणाऱ्यांना आणखी सोपं दिसतं. कोकणात किंवा मुंबईत जूनमधला सूर्यास्त बरोबर पश्चिमेला होत नाही, सुमारे २५ अंश उत्तरेकडे होतो. डिसेंबरमध्ये तो तेवढाच दक्षिणेकडे गेलेला असतो. हात पुढे ताणून मूठ धरली, तर ती साधारण दहा अंश व्यापते. म्हणजे सहा महिन्यांत मावळता सूर्य क्षितिजावर पाच मुठी सरकतो.

उज्जैनची विहीर नाही, पण उज्जैनचा शंकू आहे

२१ जूनला सावली खरंच नाहीशी झालेली बघायची असेल, तर महाराष्ट्राला सर्वात सोयीचं ठिकाण उज्जैन. शहर कर्कवृत्तापासून अगदी थोडं दक्षिणेला आहे. इथल्या अठराव्या शतकातल्या वेधशाळेत, जी सवाई जयसिंहाने बांधली, शंकुयंत्र आहे. गोल ओट्याच्या मधोमध एक उभा शंकू आणि त्याच्या सावलीवरून सूर्याची जागा वाचायची, इतकं साधं हे यंत्र आहे. २१ जूनच्या दुपारी त्याची सावली जवळजवळ नाहीशी होते. उज्जैन जिल्ह्यातल्या डोंगला गावाजवळ बरोबर कर्कवृत्तावर वराहमिहिरांच्या नावाची वेधशाळा आहे. प्राचीन भारतीय गणितात उज्जैनमधून जाणारी रेषाच शून्य रेखांश मानली जात होती. त्यामुळे हे ठिकाण खगोलशास्त्रासाठी आजही खास आहे.

सावली नसण्याच्या या एका क्षणावरून एका माणसाने अख्ख्या पृथ्वीचा घेर मोजला होता. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख असलेल्या एराटोस्थेनिसला माहीत होतं, की दक्षिणेकडच्या सायीन गावात, म्हणजे आजच्या अस्वानमध्ये, वर्षातल्या सर्वात मोठ्या दिवशी सूर्याचा उजेड थेट विहिरीच्या तळाशी पोहोचतो. त्याच वेळी अलेक्झांड्रियात मात्र सावली पडते. त्या सावलीचा कोन त्याने मोजला, तो पूर्ण वर्तुळाचा पन्नासावा भाग भरला. मग दोन्ही शहरांमधल्या अंतराला पन्नासने गुणलं की पृथ्वीचा घेर. आजच्या मोजमापात ते अंतर सुमारे ८०० किलोमीटर आहे आणि पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर.

कर्कवृत्ताबद्दल आणखी एक गोष्ट. ही रेषा एका जागी थांबलेली नाही. पृथ्वीचा कल सुमारे ४१,००० वर्षांच्या चक्रात २२.१ ते २४.५ अंशांच्या दरम्यान कमी-जास्त होत असतो. सध्या तो कमी होतो आहे. त्यामुळे कर्कवृत्त वर्षाला साधारण १५ मीटर दक्षिणेकडे सरकतं. म्हणजे ते महाराष्ट्राच्या दिशेने येतं आहे खरं, पण कल कमी होण्याचीही मर्यादा असल्यामुळे ते राज्यात शिरणार नाही.

ऊन सर्वात जास्त, तर उकाडा मेमध्ये का?

सूर्यकिरण जितके सरळ पडतात, तितकी ऊर्जा कमी जागेत एकवटते. टॉर्च भिंतीवर सरळ मारला तर छोटा, लख्ख गोल दिसतो. तिरका मारला की तोच उजेड पसरट आणि फिका होतो. मुंबईत डिसेंबरच्या अखेरीस दुपारचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम साडेसत्तेचाळीस अंशांवर असतो. फक्त या तिरकेपणामुळे तेव्हा दुपारी जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरला मिळणारं ऊन सरळ पडणाऱ्या किरणांच्या तुलनेत साधारण एक चतुर्थांश कमी असतं. त्यात दिवसही लहान. म्हणून थंडी.

या हिशेबाने जून सर्वात तापलेला असायला हवा. उत्तर भारतातल्या काही भागांत जूनमध्येही प्रचंड उकाडा असतो. पण महाराष्ट्रात दोन गोष्टी आड येतात. एक म्हणजे, वर पाहिल्याप्रमाणे, सूर्य आपल्या डोक्यावर मेमध्येच येऊन गेलेला असतो. तेव्हा आकाश निरभ्र असतं, जमीन कोरडी असते आणि पडलेलं ऊन सगळंच्या सगळं ती तापवण्यात खर्च होतं. चंद्रपूर, नागपूर, अकोला ही नावं मेमध्ये बातम्यांत येतात ती यामुळेच.

दुसरी गोष्ट मान्सून. केरळमध्ये मान्सून दाखल होण्याची सर्वसाधारण तारीख १ जून आहे आणि मुंबईत ११ जून. म्हणजे सर्वात मोठा दिवस उजाडतो तेव्हा राज्याच्या बऱ्याच भागावर ढग आलेले असतात. उजेडाचे तास वर्षातले सर्वाधिक, पण प्रत्यक्ष ऊन दिसण्याची शक्यता कमी. ज्या दिवशी आकाशात सूर्य सर्वात जास्त वेळ असतो, त्या दिवशी मुंबईकर छत्री शोधत असतो.

आणि हे ढगही सूर्याच्या याच उत्तरेकडच्या प्रवासामुळे येतात. एप्रिल ते जून या काळात उत्तर आणि वायव्य भारताची जमीन खूप तापते, तिथे हवेचा दाब कमी होतो आणि समुद्रावरचे बाष्पाने भरलेले वारे जमिनीकडे ओढले जातात. मान्सूनमागे इतरही अनेक कारणं आहेत, पण सुरुवात या तापण्यातून होते.

जिथे मान्सून नाही, तिथेही सर्वात गरम दिवस २१ जूनला येत नाही. युरोपच्या बहुतेक भागांत खरा उन्हाळा जुलै-ऑगस्टमध्ये जाणवतो. जमीन आणि विशेषतः समुद्र तापायला वेळ लागतो. रोजच्या दिवसातही हेच घडतं. मुंबईत सूर्य सर्वात उंच असतो पाऊणच्या आत-बाहेर, पण अंगाची लाही होते ती दोन-तीन वाजता.

मग पंचांगातलं दक्षिणायन कोणतं?

२१ जूनला सूर्य उत्तरेकडचा प्रवास संपवून दक्षिणेकडे वळतो. हेच दक्षिणायन. पण अनेक घरांत दक्षिणायन म्हटलं की जुलैच्या मध्यावर येणारी कर्क संक्रांत आठवते, जसं उत्तरायण म्हटलं की १४ जानेवारीची मकर संक्रांत. प्रत्यक्षात सूर्य उत्तरेकडे वळतो २१-२२ डिसेंबरला. जवळपास साडेतीन आठवड्यांचा हा फरक कुठून आला?

पृथ्वीचा अक्ष एका बाजूला कललेला आहेच, शिवाय तो भोवऱ्यासारखा अतिशय संथपणे डुलतो. एका डुलण्याला सुमारे २६,००० वर्षं लागतात. वर्षभरात अक्षाची दिशा बदलत नाही असं सुरुवातीला म्हटलं, ते माणसाच्या आयुष्याच्या हिशेबात. शतकांच्या हिशेबात ती बदलते. त्यामुळे अयनदिनाला सूर्य ज्या ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर दिसतो, ती पार्श्वभूमी दर ७२ वर्षांनी साधारण एका अंशाने मागे सरकते. पंधरा-सोळाशे वर्षांपूर्वी अयनदिन आणि कर्क संक्रांत एकाच सुमारास येत. कर्कवृत्ताला कर्क हे नाव आहे, तेही सूर्य तेव्हा त्या राशीत दिसायचा म्हणूनच. आता तो तसा दिसत नाही, नाव मात्र राहिलं.

हे सरकणं भारतीय ज्योतिर्विदांच्या लक्षात आलेलं होतं. सहाव्या शतकातल्या वराहमिहिरांनी 'बृहत्संहिते'त नोंदवलं आहे, की पूर्वी दक्षिणायन आश्लेषा नक्षत्राच्या मध्यावर सुरू होई, असं जुन्या ग्रंथांत म्हटलं आहे, पण आता ते कर्केच्या आरंभी होतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित या मराठी अभ्यासकांनी सायन पंचांग काढलं. सायन म्हणजे ताऱ्यांऐवजी अयनं आणि ऋतूंशी जोडलेलं. ते समाजात रुजलं नाही, पण त्यांचा मुद्दा गणिताच्या दृष्टीने चोख होता. १९५७ साली भारत सरकारने स्वीकारलेली राष्ट्रीय दिनदर्शिका मात्र ऋतूंशीच जोडलेली आहे. तिचा आषाढ महिना २२ जूनला सुरू होतो, अयनदिनाच्या लगेच दुसऱ्या दिवशी.

शेतकऱ्यांच्या पावसाच्या नक्षत्रांनाही हाच नियम लागू होतो. सूर्य मृग नक्षत्रात येतो ७-८ जूनला आणि आर्द्रा नक्षत्रात २१-२२ जूनला. म्हणजे सध्या आर्द्रा लागणं आणि वर्षातला सर्वात मोठा दिवस या दोन्ही गोष्टी जवळजवळ एकत्र येतात. वराहमिहिरांच्या काळात, आजच्या कॅलेंडरच्या हिशेबाने, मृग नक्षत्र मेच्या मध्यावरच लागत असे. पाऊस मात्र ताऱ्यांकडे बघून येत नाही, तो सूर्याच्या उत्तरेकडे येण्याशी बांधलेला आहे. त्यामुळे मृग आणि पाऊस यांची आजची जुळलेली जोडी पुढच्या हजार-दीड हजार वर्षांत सुटत जाईल.

तारीख दरवर्षी तीच असते का?

बहुतेक वेळा हो, पण क्षण बदलतो. पृथ्वीला सूर्याभोवतीची फेरी पूर्ण करायला ३६५ दिवस आणि वर सुमारे पावणेसहा तास लागतात. त्यामुळे अयनबिंदूचा क्षण दरवर्षी तेवढा पुढे जातो आणि लीप वर्ष आलं की मागे ओढला जातो. भारतीय वेळेनुसार २०२४ मध्ये तो २१ जूनच्या रात्री २ वाजून २१ मिनिटांनी आला होता, तेव्हा युरोप-अमेरिकेत अजून २० जून होती. २०२५ मध्ये तो सकाळी ८ वाजून १२ मिनिटांनी आला. २०२६ मध्ये दुपारी १ वाजून ५४ मिनिटांच्या सुमारास आणि २०२७ मध्ये संध्याकाळी पावणेआठच्या आसपास.

आंतरराष्ट्रीय योग दिनासाठी २१ जून निवडली गेली, तीही याच कारणाने. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी सप्टेंबर २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत हा प्रस्ताव मांडला, डिसेंबरमध्ये तो मंजूर झाला आणि २०१५ मध्ये पहिला योग दिन झाला.

दक्षिणेकडे पडणारी ती उलटी सावली बघायची असेल, तर बरोबर २१ तारखेचाच हट्ट धरायची गरज नाही. मेच्या उत्तरार्धात मुंबई-पुण्याचं आकाश बऱ्याचदा मोकळं असतं आणि पहिला शून्य सावली दिवस तेव्हा होऊन गेलेला असतो. गच्चीत एक सरळ काठी ओळंबा लावून उभी करायची, मोबाइलमधल्या होकायंत्रावर उत्तर बघून ठेवायची आणि मुंबईत साडेबारा ते पाऊण या वेळात दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूने खूण करायची. काठीच्या सर्वात जवळची खूण दक्षिणेच्या बाजूला पडलेली दिसेल. जूनमध्ये मध्यान्हीला पंधरा मिनिटं ढग बाजूला झाले, तर हेच पुन्हा करून बघता येईल. तेव्हा ती खूण काठीपासून आणखी थोडी लांब गेलेली असेल.